धार आपल्या पोटाकडे

उधना, सुरत
आखाजी, १९९७

चि. गोपाल,

आशीर्वाद. बाकीचा मायना गाळते. 'पत्रास कारण की' म्हणावं तर कारण आपल्या दोघांनाही पाठ आहे, आणि 'इकडील सर्व क्षेम' म्हणावं तर तू विचारलेलं नाहीस.

आज आखाजी, शाळेच्या पुस्तकातली अक्षय्य तृतीया. आमच्या सोसायटीतल्या खान्देशच्या बायका केव्हाच माहेरी गेल्या. कुणाचा भाऊ न्यायला आला, कुणाचा भाचा. समोरच्या सखुबाईला न्यायला तर तिचा म्हातारा काका आला, काठी टेकत. मुऱ्हाळी दारात उभा राहिला की बाई पिशवी भरतेच, मग तो काका असो की शेंबडं पोर. माझी पिशवी आबा गेल्यापासून खुंटीवर आहे. हे मी रडत लिहीत नाही, गैरसमज नको. आमरस केला, सांजोऱ्या केल्या, दाराच्या चौकटीला झोका बांधला आणि बसले. मराठी शाळेतली जयश्रीबाई झोक्यावर बघून एक रिक्षावाला थांबला. थांब म्हटलं, बघ.

आता मुद्द्याचं. आबांची तलवार माझ्याकडे आहे. तुला ती नको, हे ठाऊक आहे. त्या दसऱ्याला बळीराम सुभेदार पारावर म्हणाला, की असल्या जपानी तलवारी लढाईच्या वेळी कारखान्यात घाऊक बनायच्या, शरणागतीनंतर त्यांचे ढीग पडले होते, ज्याला वाटेल त्याने उचलावी. आबांबद्दल म्हणाला, खेचरांच्या पलटणीतल्या निंबाला कोण हातात देतो? आणि तू घरी येऊन, सगळी गल्ली सोनं द्यायला दारात जमलेली असताना, आबांना विचारलंस, "खरं सांगा आबा, उचलून आणली ना?"

 आबांनी तलवार फडक्यात गुंडाळली आणि दिवाळीच्या आत माझ्याकडे सुरतेला आले, ते शेवटपर्यंत राहिले. तू दहाव्याला आलास आणि चहा न घेता गेलास. त्यानंतर तुझं एकच कार्ड, प्लेगच्या वर्षी. 'जिवंत आहात का कळवा.' मी कळवलं, आहोत. ते कार्ड जपून ठेवलंय, पण कार्ड म्हणजे काही मुऱ्हाळी नव्हे.

मला आबांनी इथे ओट्यावर बसून एकदाच सांगितलं होतं. "उचली नही, जयश्री. दिनी त्यानी माले." ब्रह्मदेशात शरणागती झाल्यावर एक आजारी जपानी कप्तान चालू शकत नव्हता. आबांनी त्याला आपल्या खेचरावर बसवून छावणीपर्यंत आणला. तिथे तलवारी जमा करायच्या होत्या. त्याने आपली ढिगात टाकली नाही, आबांच्या हातात दिली, आणि बोटांनी खुणा करून सांगितलं की बापाची, त्याच्या बापाची, त्याच्याही बापाची. गोरा साहेब हसला आणि आबांना म्हणाला, ठेव. आबांनी त्यावरून आपला हिशेब लावला, की ही शिवाजी महाराजांच्या आधीची. तो हिशेब ऐकून तू किती हसायचास! दसऱ्याला आबा तलवार दोन्ही तळव्यांवर आडवी घ्यायचे, धार आपल्या पोटाकडे, आणि कमरेतून वाकायचे. जगात सगळे धार बाहेर धरतात. धुडकूकाका म्हणायचा, निंबाची तलवार निंबालाच कापणार. आणि तू मुसळ घेऊन आबांची अशी नक्कल करायचास की गल्ली हसून लोळायची. मीही हसले आहे, नाही कशाला म्हणू?

तर शर्त. ही तलवार कुणी बनवली आणि कधी बनवली, हे मी शोधून काढणार आहे. कसं, ते अजून माहीत नाही, पण काढणार. ती कारखान्यातली निघाली तर मी स्वतः गावात येऊन पारावर सांगेन की गोपाल खरा होता, आणि पुन्हा मुऱ्हाळ्याचं नाव काढणार नाही. जुनी निघाली, तर पुढच्या आखाजीला तू मला न्यायला उधन्याला यायचं. मागून घेतलेल्या माहेराला चव नसते म्हणतात. जिंकलेल्याला असावी.

तुझी,
ताई


उधना
१४ जुलै १९९७

चि. गोपाल,

उत्तर नाही. म्हणजे शर्त मान्य, असं मी धरते. वर्गात जो गप्प बसतो त्याला मी हजर धरते, तसंच.

शोध मला करायचा होता आणि घरबसल्या चालून आला. तुझे भाऊजी ज्या कारखान्यात लूमचे मास्तर आहेत, तिथे शेठने जपानहून पाण्यावर चालणारे लूम आणलेत. धोटा नाही, खटखट नाही. पाण्याची चिळकांडी उडते आणि धागा घेऊन पलीकडे जाते. ते बसवायला हामानो नावाचा जपानी इंजिनियर आलाय. भाऊजी त्याला जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणाले, आमच्या घरी तुमच्याकडची एक तलवार आहे. त्या माणसाने हातातला पाना खाली ठेवला आणि उभाच राहिला.

रविवारी आला. बरोबर शेठचा भाचा, कारण हामानोचं इंग्रजी तो गुजरातीत सांगतो. हामानोने आधी हात धुतले. स्वच्छ फडकं मागितलं. मग खिशातून रुमाल काढून तोंडाला बांधला, म्हणे श्वासाची वाफ पात्यावर पडू नये. समोरून सखुबाईने हे पाहिलं आणि धावत आली, "बाई, प्लेग परत ऊना का वं?" तिला चहा पाजून घरी पाठवावं लागलं.

खरं ते सांगते, कारण मी पेपर तपासताना स्वतःच्या पोरालाही गुण वाढवून देत नाही. म्यान, मुठीचं पितळी कडं, त्यावरची फुलं, हे सगळं लढाईच्या वेळचं, लष्कराला पुरवलेलं, कारखान्यातलं. इतका बळीराम सुभेदार बरोबर. मुठीवर ते पांढरे दाणे आहेत ना, ज्यांना आपण साबुदाणा म्हणायचो, ते माशाचं कातडं निघालं. आणि मायने ती तलवार एकादशीलासुद्धा देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती! माय वर असेल तिथे हे पत्र पोचू नये म्हणजे झालं.

पण पातं त्याने खिडकीच्या उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ तिरकं, सरळ, पुन्हा तिरकं करून पाहिलं. धारेलगत ती धुरकट पांढरी लाट आहे, तिच्यावर बोट न ठेवता बोट फिरवत राहिला. भाच्याने विचारलं तर एवढंच म्हणाला, जुनं असू शकेल. बाहेरचा पोशाख नवा आणि आतलं पातं घराण्यातलं, असं कितीतरी अधिकाऱ्यांनी करून घेतलं होतं म्हणे. खरा दाखला मुठीच्या आत असतो. मुठीत पात्याची शेपटी गेलेली असते, तिच्या एका बाजूला घडवणाऱ्याचं नाव कोरतात आणि दुसऱ्या बाजूला साल. एक बांबूची खुंटी काढली की मूठ निघते. पुढच्या रविवारी तो कॅमेरा आणि कागद घेऊन येणार आणि मूठ उघडणार.

जाताना त्याने तलवार माझ्या हातात दिली नाही. खाटेवर फडकं घालून त्यावर निजवली, लेकरू निजवावं तशी. मला ते आवडलं.

पिशवी खुंटीवरून काढून धुवून ठेवली आहे.

ताई


उधना
२५ ऑगस्ट १९९७

चि. गोपाल,

मागच्या पत्राला महिना उलटून गेला. तुला वाटलं असेल, ताई हरली आणि गप्प बसली. गप्प बसले होते, पण हरले नव्हते. तुझ्या भाऊजींशी बोलत नव्हते.

झालं असं. रविवारी हामानो येणार, तर शनिवारी मी शाळेत असताना भाऊजींनी मूठ आधीच उघडली. आयुष्य लूमवर गेलेल्या माणसाला खुंटी दिसली की ती काढल्याशिवाय राहवत नाही. आत गंज. काळा, तांबडा, जाडसर. आणि लूमचा मास्तर एक वेळ बायकोचं बोलणं सहन करेल, गंज करणार नाही. फणीला तिळाएवढा गंज चढला तरी ताग्याभर धागे तुटतात, मग शेठच्या शिव्या. त्यांनी कानस घेतली, मग पॉलिश पेपर घेतला, वर गोडेतेल. मी आले तेव्हा शेपटीची एक बाजू नव्या स्टीलच्या ताटासारखी चकचकीत, आणि साहेब कौतुकाने ती पालथी करून दुसऱ्या बाजूला हात घालत होते.

मी ओरडले. का ओरडले ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं; हामानोने ती ज्या हातांनी निजवली होती, तेवढंच आठवलं. भाऊजी म्हणतात, "पाव्हना ई राहिना, त्याले काय गंज दखाडतस?"  दसऱ्याला आपण विळे, कोयते, कुऱ्हाडी चिंच लावून, राख लावून याच विचाराने घासत आलो ना? गंजलेलं हत्यार देवासमोर ठेवत नाहीत, तर पाहुण्यासमोर कसं ठेवायचं?

रविवारी हामानोने ते पाहिलं. रुमाल तोंडावरच होता, त्यामुळे तोंड काय झालं ते दिसलं नाही, पण डोळे मिटून घेतले. मग भाच्यामार्फत सांगितलं, की शेपटीचा गंज तिकडे कुणी कधी पुसत नाही. बाप पुसत नाही, पोरगा पुसत नाही, शेकडो वर्षं तो चढू देतात. कारखान्यातल्या तलवारीचा गंज कोवळा, लाल. जुनीचा काळा, दाट. गंज बघूनच निम्मं वय कळतं. आपल्याकडे ज्याला घाण म्हणतात तो तिच्या जन्माचा दाखला, आणि माझ्या नवऱ्याने तो कानशीने साफ केला.

भाऊजींनी पॉलिश पेपर चुरगाळून खिशात घातला. त्यांना आबांचा लळा माझ्याइतकाच होता, तुला माहीत आहे. आबांचे पाय शेवटच्या दिवसांत त्यांनीच चेपले. मग हामानो उठला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हिरारु-सान, वन साइड, ओके." त्याला ल म्हणता येत नाही, भाऊजींच्या नावाचं तो असं करतो. एक बाजू ठीक आहे, असं म्हणत होता.

घडवणाऱ्याच्या नावाची बाजू वाचली आहे. सालाच्या बाजूची वरची अक्षरं जाड होती ती राहिली, खालची गेली. हामानोने आणलेला कागद फार जाड निघाला, तेव्हा मी गेल्या उत्तरायणाचे उरलेले पतंगाचे कागद काढले. शेपटीवर कागद ताणून धरला आणि वरून पेन्सिल घासली, पोरं रुपयाच्या नाण्यावर घासतात तशी. अक्षरं पांढरी उमटली. मला त्यातलं एक ओ की ठो कळलं नाही, पण आबांची तलवार पहिल्यांदाच काहीतरी बोलत होती आणि मी कागद धरून उभी होते. मला रडू आलं. हे मी लिहिणार नव्हते.

ते कागद आणि फोटो घेऊन हामानो परत गेला. त्याच्या ओळखीचा एक म्हातारा तलवारींना पाणी देणारा आहे, त्याला दाखवणार. लूमच्या दुरुस्तीला जानेवारीत येईल तेव्हा निकाल आणेल.

भाऊजींशी बोलायला लागले आहे, काळजी नको.

ताई


उधना
दसरा, १९९७

चि. गोपाल,

तुझं कार्ड मिळालं. 'कारखान्यातलीच निघेल. तरी कळव.' तुझ्या अक्षरात सुधारणा नाही, मजकुरात आहे. 'तरी' हा शब्द मी पुनःपुन्हा वाचला.

आज पूजा केली. चिंच नाही, राख नाही, पाण्याचा हात नाही. कुंकू पात्याला न लावता खालच्या फडक्याला लावलं. भाऊजींना तलवारीपासून लांब, लूमच्या पान्यांशेजारी बसवलं होतं. आबांसारखी धरून वाकायला गेले, पण ऐन वेळी धार बाहेरच फिरवली. इतक्या वर्षांची सवय नाही, पोटाकडे धार आली की भीती वाटते. आबांना कशी वाटत नव्हती?

शेजारच्या पोरांना सोनं वाटलं. तुझ्या वाटचं पान या पत्रात घालते आहे. ते शर्तीत धरू नकोस.

ताई


उधना
१९ जानेवारी १९९८

चि. गोपाल,

निकाल आला. बैस आणि वाच. मी सगळं तसंच्या तसं लिहिते, मग तू काय तो हस.

हामानो काल आला. छपरांवर अजून तुटलेले पतंग लटकत आहेत, ते बघून खूश झाला. शेठचा भाचाही आला. सखुबाई आली, तिला आता तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाची भीती राहिली नाही. सगळ्यांसमोर हामानोने सांगायला सुरुवात केली.

घडवणाऱ्याचं नाव सुकेसादा. गाव ओसाफुने, बिझेन प्रांतात, नदीकाठचं लोहारांचं गाव. पुढे त्या नदीला पूर आला आणि गावच वाहून गेलं. हे ऐकून आमच्या तापीकाठच्या मंडळींनी माना हलवल्या. सालाच्या बाजूला राजवटीचं नाव शिल्लक आहे, तेनशो. त्याखालचा आकडा तुझ्या भाऊजींच्या कानशीत गेला. तेनशो म्हणजे १५७३ ते १५९२. तेव्हा शिवाजी महाराज तर नव्हतेच, शहाजीराजेही जन्मायचे होते. आबा पास, गोपाल. पैकीच्या पैकी.

मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात हामानो म्हणाला, पण.

सुकेसादा हे एका माणसाचं नाव नव्हे. त्या गावात पिढ्यान् पिढ्या कितीतरी लोहार तेच नाव कोरायचे. कुणी मोठा सरदार खास तलवार घडवून घ्यायचा, तिच्यावर लोहाराचं स्वतःचं वेगळं नावही असायचं. ही तशी नाही. तेव्हा तिकडे घरोघर लढाया चालू होत्या, साध्या पायदळाला शेकड्यांनी तलवारी लागायच्या, आणि ओसाफुनेच्या भट्ट्या त्या शेकड्यांनी काढायच्या. ही त्या ढिगातली. भाच्याने ते ऐकलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "काकी, आ तो रेडीमेड माल छे! पण चारसो वरस जूनो रेडीमेड!"

म्हणजे बघ. तू म्हणालास कारखान्यातली. आहे, कारखान्यातलीच. मी म्हणाले जुनी. आहे, आबा म्हणाले त्याहूनही जुनी. मी इतकी वर्षं पेपर तपासते आहे, असा विद्यार्थी पाहिला नाही. भाऊजी मात्र खूश. ते म्हणाले, मग ही आपल्यासारख्यांचीच तलवार म्हणायची, पाळीवर काम करणाऱ्यांनी केलेली आणि पायी चालणाऱ्यांनी वापरलेली. कप्तानाचा खापरपणजाही कुणाचा तरी शिपाई असेल.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे.

हामानो निघाला. या वेळी त्याने तलवार खाटेवर ठेवली नाही. माझ्यासमोर उभा राहिला, दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली, हळूच फिरवून धार आपल्या पोटाकडे केली, कमरेतून वाकला आणि माझ्यापुढे धरली.

गोपाल, ऐक. आबा समोर उभे राहिल्यासारखे वाटले, तीच मान, तोच वाक. मी हात पुढे करायलाच विसरले. भाच्याला म्हटलं, विचार याला, असं का धरलंस? हामानोला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, दुसऱ्या माणसाला तलवार द्यायची तर अशीच देतात. धार आपल्याकडे ठेवायची, म्हणजे घेणाऱ्याला भीती नाही. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात.

आबांना हे कुणी शिकवलं असेल? गावात कुणी? पलटणीत कुणी? बळीराम सुभेदार म्हणतो ढिगातून उचलली. ढीग कुणाला वाकून तलवार देत नाही. तो आजारी कप्तान खेचरावरून उतरला, आबांपुढे असाच उभा राहिला, अशीच धार स्वतःकडे करून वाकला, आणि आबांनी ते बघून ठेवलं. त्यांना वाटलं असेल, ही तलवार अशीच धरायची असते. मग दर दसऱ्याला सगळी गल्ली हसत असताना तशीच धरली. आपण ज्याला आबांचा येडेपणा म्हणालो, ती त्यांना मिळाल्याची पावती होती, आणि ती ते दर वर्षी सगळ्यांसमोर दाखवत होते.

हे मी शर्तीत घातलं नव्हतं, कारण हे शोधता येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शर्त फक्त कारखान्याची आणि वयाची होती, आणि तिचा निकाल अर्धा-अर्धा लागला आहे. मी लबाडी करणार नाही. तर अर्धा रस्ता तू ये, अर्धा मी येते. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी नंदुरबारला उतरेन आणि फलाटावर बसेन. तलवार बरोबर असेल. तू अमळनेरहून ये. आलास तर पुढे माहेरी जाईन. नाही आलास तर उलट गाडीने घरी जाईन, आणि मग तलवार काय, तू काय, कुणाचंच नाव काढणार नाही.

ताई


उधना
२० एप्रिल १९९८

चि. गोपाल,

तुझं उत्तर आलेलं नाही. हजर धरावं की नाही, ते या वेळी कळत नाही.

मी ठामपणे लिहिते म्हणून तुला वाटत असेल ताईला काही होत नाही. दर आखाजीला मी उधना स्टेशनवर जाऊन तुझ्याकडची गाडी बघून येत होते. भाजी आणायला जाते सांगून. भाऊजींना ठाऊक आहे, कारण एकदाही भाजी आणली नाही.

तरी ठरल्याप्रमाणे निघणार आहे. भाऊजींनी तलवारीसाठी ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची लांब नळी आणली आहे, तिच्यावर साडीचं कापड गुंडाळून दिलंय. कुणी विचारलं तर सुरतेचा माल.

ताई


माहेर
आखाजी, १९९८

स. न.

तुम्ही स्टेशनवर सोडताना म्हणालात, पोचल्यावर दोन ओळी टाक. चार टाकते.

नंदुरबारला उतरले तेव्हा फलाटावर तो नव्हता. मी बाकावर बसले, नळी मांडीवर आडवी. चहावाला दोनदा येऊन गेला. भुसावळकडून गाडी आली, माणसं उतरली, त्यात तो नव्हता. आपली उलट गाडी कधी आहे ते विचारायला मी उठले, तर पाण्याच्या टाकीमागे एक टकल्या माणूस पाठमोरा उभा. पाठ आबांची. तो माझ्या आधीपासून आलेला होता आणि समोर यायचं धाडस होत नव्हतं. मी हाक मारली. वळला, माझ्याकडे न बघता नळीकडे बघून म्हणाला, "नळीमा तीच शे का?"

म्हटलं, "तीच."

माझी पिशवी त्याने घेतली. दोंडाईचा आलं. मग म्हणाला, "ताई, सुकेसादा म्हणजे आपल्याकडे पाटील, तसंच ना? गावभर तेच नाव." पत्रं वाचली होती लेकाने. सगळी. घरी त्याच्या बायकोने सांगितलं, की जानेवारीचं पत्र त्याने बळीराम सुभेदाराला पारावर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि सुभेदार मधे बोलायला लागला तेव्हा त्याला म्हणाला, आधी ऐका.

संध्याकाळी गल्ली जमली. झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. सगळ्यांना तलवार बघायची होती. मी नळीतून काढली आणि मुठीच्या आतल्या गंजाला कुणी हात लावायचा नाही हे आधी बजावलं, तुमचं नाव न घेता. मग ती गोपालकडे दिली. द्यायच्या वेळी धार माझ्याकडे करून दिली, या वेळी भीती वाटली नाही.

त्याची गायत्री, आता माझ्या खांद्याला लागते, म्हणाली, बाबा, मला द्या ना एकदा. गोपालने पोरीला समोर उभं केलं. मग त्याने तलवार दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली, धार आपल्या पोटाकडे फिरवली आणि कमरेतून वाकून पोरीपुढे धरली. हुबेहूब आबा. मुसळ घेऊन करायचा, अगदी तस्संच, एक बोट इकडचं तिकडे नाही.

धुडकूकाका दारातच उभा होता, सुभेदारही होता. या वेळी कुणी हसलं नाही.

तुमची,
जयश्री